एका खणात न बसणारी

डोंबिवली,
२१ नोव्हेंबर १९५३

ती. सौ. ताईस,
मंदाचा नमस्कार.

भाऊबीजेला कल्याणला भाऊकडे तू दिलेलं गाठोडं नीट घरी आलं. पोलकी सगळी छान बसली, जांभळं तर फारच. पातळांवर इथल्या शेजारणींची नजर आहे. दर दिवाळीला तू आठवणीने कपाटातलं चांगलं तेच माझ्यासाठी काढून ठेवतेस. हे म्हणाले, 'ताईंमुळे तुला कापडाच्या दुकानाची पायरी चढावी लागत नाही.'

शाळेचं बरं चाललं आहे. जूनपासून मी तात्पुरती आहे हे तुला माहीतच आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तपासणीला साहेब येतील, तेव्हा त्यांच्यासमोर पाठ द्यायचा. तो चांगला झाला तर नोकरी कायम, नाही तर एप्रिलमध्ये घरी. आमच्या मुख्याध्यापिका विमलाबाई कडक आहेत, पण मनाने वाईट नाहीत. परवा माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसल्या आणि नंतर म्हणाल्या, 'तुम्ही शिकवता चांगलं. पण फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागाशी तुमचं भांडण आहे का? सगळं खाली लिहिता. मागच्या मुलींना अक्षरांऐवजी पुढच्यांच्या वेण्या दिसतात.' मी नुसती हसले. एवढी उंच बाई आणि हात वर जात नाही, हे त्यांना विचित्रच वाटलं असणार.

एक विचारायचं होतं. ओटीत आलेले खण घरात पडून आहेत. ओटीचा खण दुसऱ्याला देऊ नये, आपणच वापरावा, असं आई सांगते. पण दोन वेगवेगळ्या ओट्यांचे खण एकत्र करून शिवले तर चालतं का? तुला अशा गोष्टी माहीत असतात म्हणून विचारलं.

तुझ्या सासूबाईंना नमस्कार. बाळला गोड पापा.

तुझी,
मंदा

*

कोपरी, ठाणे,
२८ नोव्हेंबर १९५३

चि. सौ. मंदा,
पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि मी एकटीच हसत बसले. अगं लबाडे, सख्ख्या बहिणीपासून लपवतेस? भाऊकडेच मला शंका आली होती. वहिनीने फळीवरचा पापडांचा डबा काढायला सांगितला, तर घरात सगळ्यांत उंच तू, आणि तू म्हणालीस, 'स्टूल घ्या.' बिचारी वहिनी स्टुलावर चढली आणि तू बाजूला उभी. दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन पुढे गच्च धरलेला. हात धुताना पदर सरकला तेव्हा मी पाहिलं, पोलक्याच्या दोन्ही बाजू उसवून सैल केल्या आहेत. मी तेव्हा बोलले नाही. म्हटलं, सांगेल आपणहून. आणि आता लिहितेस, हात वर जात नाही, आणि ओटीच्या खणांची चौकशी करतेस. या दिवसांत हात वर करू नये हे तुला कोणी सांगितलं? शेजारणींनी सांगितलं असेल तर शहाण्या आहेत.

माझे डोळे कधी चुकले आहेत का? माझ्या जावेच्या, शकूच्या, दोन्ही वेळेला तिच्या आधी मला कळलं होतं. सासूबाई सगळ्यांना सांगतात, आमची सुमती नाडी बघत नाही, चाल बघते.

तुझ्या लग्नाला सहा वर्षं झाली, पण मी तुझ्याकडे हा विषय काढला नाही. तुला दुखेल म्हणून. पण एकादशी सोडली नाही एवढं सांगते. अजून कोणाला सांगितलेलं नाही, फक्त सासूबाईंना. त्यांनी लगेच देवापुढे साखर ठेवली. आईला तू स्वतः सांग.

भाऊबरोबर माझी दोन सैल पोलकी पाठवते, बाळच्या वेळची. ती घाल. उसवत बसू नकोस. खण एकत्र शिवायला काही हरकत नाही, पण सध्या शिवण घेऊन वाकून बसू नये. आणि तो पाठबीठ आता विसर. साहेबासमोर उभं राहून कशाला दमणूक?

तुझी,
ताई

*

डोंबिवली,
५ डिसेंबर १९५३

ती. सौ. ताईस,
मंदाचा नमस्कार.

तसं काही नाही.

हे एवढंच लिहून पाकीट बंद करावं असं वाटलं होतं. पण मग तुला वाटेल की मी लपवते आहे. तसं काही नाही, ताई, आणि नव्हतं.

खरं काय ते लिहिते. तुझी पोलकी मला होत नाहीत. कधीच झाली नाहीत. तेराव्या वर्षी मी तुझ्यावरून वर गेले, आणि आई म्हणाली, 'ताडासारखी वाढू नकोस, ताईचे कपडे कोण घालणार?' जणू ते माझ्या हातात होतं. तेव्हापासून दर दिवाळीला गाठोडं आलं की मी खोलीला कडी घालते आणि उसवायला बसते. शिवणीच्या आत राहिलेलं कापड सोडते. ते पुरत नाही, म्हणून काखेत तिकोनी तुकडे घालते, हाताला लागेल त्या कापडाचे. जांभळ्याला जुन्या उशीच्या अभ्र्याचा तुकडा आहे. हात वर केला की तो दिसतो, आणि पोलकं कमरेवरून वर चढतं. म्हणून पापडांचा डबा नाही आणि म्हणून फळा नाही. मी गुडघे थोडे वाकवून खालच्या भागात लिहिते.

नवं शिवावं तर ओटीच्या एका खणात माझं पोलकं बसत नाही. तो खण तुझ्यासारखीच्या मापाचा असतो. हळदीकुंकवाला तो हातात पडला की कोणीतरी म्हणतंच, 'हिला दीड लागेल गं.' सगळ्या हसतात, मीही हसते. विकतचं कापड आणावं तर घरात तुझी एवढी पोलकी असताना यांना काय सांगू?

मला माझ्या अंगाची लाज वाटते. आणि तू प्रेमाने देतेस त्याला मी कडी लावून कात्री लावते, याची त्याहून जास्त वाटते.

देवापुढे साखर ठेवली हे वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच उभी राहिले. यांना पत्र दाखवलं नाही. सासूबाईंना आजच खरं सांग. त्या साखरेचं काय करायचं ते मला कळत नाही.

तुझी,
मंदा

*

कोपरी,
१४ डिसेंबर १९५३

चि. सौ. मंदास आशीर्वाद.

पत्र पोचलं. सासूबाईंना सांगितलं. तो विषय संपला, तू मनातून काढून टाक. तुला कोणी काही विचारणार नाही.

पोलक्यांचं म्हणशील, तर इतकी वर्षं तू 'छान बसलं' असं लिहीत होतीस. मी दुसरं काय समजायचं होतं? एका शब्दाने सांगितलं असतंस तर मी ती भांडीवालीला दिली असती. माझ्या चांगल्या जांभळ्या कापडाला उशीचा अभ्रा.

सैल पोलकी परत पाठवू नकोस. उसव, काप, काय करायचं ते कर.

इथे थंडी बरी आहे.

ताई

*

डोंबिवली,
३ जानेवारी १९५४

ती. सौ. ताईस,
मंदाचा नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. राग नव्हता. सांगण्यासारखं काही हातून होईपर्यंत लिहू नये असं ठरवलं होतं. ते झालं आहे, आणि त्यानंतर जे झालं तेही लिहायचं आहे. आधी चांगलं लिहिते.

नाताळच्या सुट्टीआधी चित्रकलेच्या तासाला मुलींना अंगणात नेलं. एकीने उन्हात भिंतीशी उभं राहायचं आणि दुसरीने तिच्या सावलीभोवती खडूने रेघ ओढायची. मानपाड्याकडून येणारी तुळसा म्हणून एक आहे, फार धीट. ती म्हणाली, 'बाई, तुमी पन उभ्या ऱ्हावा.' मी नेहमीसारखा पदर आवळून उभी राहिले. रेघ ओढून झाली तर तिला आकारच नव्हता. घडवंचीवर गोधड्या रचल्यासारखं काहीतरी. तुळसा म्हणाली, 'ही बाईंची नाय, ही भाताच्या पोत्याची.' सगळ्या हसल्या. मग काय झालं कोण जाणे, मी पदर एका खांद्यावर सोडला, पाठ सरळ केली आणि म्हटलं, 'पुन्हा काढ.'

घंटा झाली, मुली गेल्या, मी तिथेच उभी. भिंतीवर एक बाई होती. मान लांब, खांदे सरळ, आणि खांद्यापासून कमरेकडे येताना आत वळणारी रेघ. ती मोठी होती, पण बेढब नव्हती. एकोणतिसाव्या वर्षी मी तिला पहिल्यांदा पाहत होते.

त्या दिवसापासून मी स्वतःकडे रेघ म्हणून बघते. तुझ्या पोलक्यांच्या फुगीर बाह्या माझ्या दंडाच्या सगळ्यांत जाड जागी संपतात, म्हणून बघणाऱ्याची नजरही तिथेच थांबते. त्याच बाह्या कोपराच्या जरा वर आणून ठेवल्या तर हात लांब दिसतो. बंद गळा तुला शोभतो, माझी त्यात मानच बुडते. सैल घातलं की लपतं हा माझा समज तर अगदीच खोटा निघाला. सैल कापड छातीवरून सरळ खाली पडतं आणि कंबरही तेवढीच रुंद करून टाकतं. इतकी वर्षं मी लपण्यासाठी जे केलं, त्यानेच मी जास्त दिसत होते.

वर्तमानपत्र अंगाला लावून, टाचण्या टोचून घेत माप काढलं. तुझ्या सैल पोलक्यांपैकी एक उसवून कापड कसं कसं कापतात ते पाहिलं. मग ओटीचे दोन खण घेतले. अंगाला करडा, बाह्यांना हिरवा, पाठीत मधोमध उभी शिवण. खण पुरत नव्हते म्हणून तसं करावं लागलं, पण आता वाटतं की एकाच रंगाचं असतं तर इतकं चांगलं झालं नसतं. त्या उभ्या शिवणीने पाठ दोन भागांत वाटली जाते. शेजारच्या यंत्रावर टीप मारली. काखेत कुठेही तुकडा नाही.

ते घालून शाळेत गेले. फळ्याच्या अगदी वरच्या कडेला तारीख लिहिली. हात वर गेला आणि काही झालं नाही. काही झालं नाही याचा आनंद तुला कसा सांगू?

आता दुसरं. परवा विमलाबाईंनी मला खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. हळू आवाजात म्हणाल्या, 'मला कळलं आहे. माझी बहीण गंगू कोपरीला तुमच्या ताईंच्या शेजारीच राहते. असं झाल्यावर बाईने अंथरूण सोडू नये. तुम्ही एक दिवस रजा घेतली नाहीत.'

'काय झाल्यावर?' मी विचारलं.

'माझ्यापासून लपवायचं कारण नाही,' त्या म्हणाल्या. 'पण एक सांगते, वाईट वाटून घेऊ नका. कूस रिकामी होऊन पुरता महिना झाला नाही, आणि हे नवं पोलकं, ही फॅशन. दुसरी एखादी असती तर मी बोललेच नसते. शोभत नाही.' मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, 'फेब्रुवारीचा पाठ यंदा राहू द्या. तब्येत सुधारा. पुढल्या वर्षी बघू.'

त्या खरंच कळवळून बोलत होत्या. मी काही म्हटलं नाही. पदर पुन्हा दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि बाहेर आले.

'सासूबाईंना सांगितलं' असं तू लिहिलं होतंस. काय सांगितलंस ते लिहिलं नव्हतंस.

मंदा

*

कोपरी,
९ जानेवारी १९५४

चि. सौ. मंदास आशीर्वाद.

तुझं पत्र मोरीत जाऊन वाचलं. इथे पत्र आलं की सगळ्यांना वाचून दाखवायची रीत आहे. आज मी म्हटलं, काही विशेष नाही.

कसं झालं ते सांगते. सासूबाई देवापाशी होत्या. शकू तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, 'मंदाचं ते...' एवढंच. पुढचे शब्द मी जुळवत होते. सासूबाईंनी वर पाहून विचारलं, 'गेलं का गं?' आणि मी मान हलवली. मंदा, मी बोललेसुद्धा नाही. मान हलवली. सासूबाईंनी साखरेची वाटी देवापुढून उचलली, पदराने डोळे पुसले, आणि मग मला काही म्हणता येईना.

तू विचारशील, तेव्हाच नाही का म्हणालीस? शकू माझ्याकडे बघत होती. या घरात तिच्या माहेरचा तोरा आहे, तिचा नवरा जास्त मिळवतो. माझं काय आहे? एवढंच, की सुमतीची नजर चुकत नाही. कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाच्या लेकीचं काय बिनसलं, मला बोलावतात. मी शकूसमोर 'चुकले' म्हणू शकले नाही. तुझ्या अंगावर ढकललं. गंगुबाई ताक न्यायला आल्या तेव्हा सासूबाईंनीच त्यांना सांगितलं, हळहळून.

आता सासूबाई तुझ्यासाठी डिंकाचे लाडू वळताहेत, आणि मी त्यांना तूप काढून देते आहे. माझी मान वर होत नाही.

मी वाईट बहीण आहे असं लिहू नकोस, ते मला कळतं. पण आता बोलले तर मी दोनदा खोटी ठरते. पहिल्याने नजर खोटी, मग जीभ खोटी. तू विमलाबाईंसमोर गप्प राहिलीस ते माझ्यावर उपकार झाले. होळीपर्यंत बायका विसरतील. पाठ पुढल्या वर्षी देता येईल, त्या स्वतःच तसं म्हणाल्या ना? एवढं माझ्यासाठी कर.

तुझी,
ताई

*

डोंबिवली,
१६ जानेवारी १९५४

ती. सौ. ताईस नमस्कार.

भाऊने लाडू आणून दिले. यांनी विचारलं, 'कशाबद्दल?' मी म्हटलं, 'थंडीचे आहेत.' सासूबाईंना सांग, पोचले.

मी तुला खोटी पाडणार नाही. विमलाबाईंना काही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. पण 'पुढल्या वर्षी' म्हणजे काय ते तुला माहीत असावं. तात्पुरती बाई एप्रिलमध्ये घरी जाते आणि जूनमध्ये तिच्या जागी दुसरी येते. पुढलं वर्ष तिचं असतं.

ते दोन खणांचं पोलकं ट्रंकेत ठेवलं. तुझं जांभळं घालून जाते. विमलाबाई म्हणाल्या, 'आता कशा घरंदाज दिसता.' न झालेल्या मुलाच्या दुखवट्यासाठी मी काखेत उशीचा अभ्रा लावून शाळेत जाते. हे लिहिताना हसू आलं आणि अर्ध्यात गेलं.

संक्रांतीचं हळदीकुंकू चुकवलं. बायकांची नजर आधी माझ्या पोटावर जाते, मग तोंडावर येते, आणि मग त्या मऊ आवाजात बोलतात. माझं अंग आधी निदान माझं एकटीचं तरी ओझं होतं.

तुळसाने काल विचारलं, 'बाई, तुमी परत पोत्यातल्या झाल्या?' मी तिला बाकावर उभं केलं. असं मी कधी कोणाला केलं नव्हतं.

मंदा

*

कोपरी,
२८ जानेवारी १९५४

चि. सौ. मंदा,

आशीर्वाद लिहायचा मला आज हक्क वाटत नाही, तरी लिहिते.

रविवारी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. आळीतल्या सगळ्या आल्या होत्या. मी ओट्या भरत होते. गंगुबाईंची भरून झाली तेव्हा त्यांनी ताटातला एक खण उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, 'हा डोंबिवलीला धाडा हो. बिचारीची कूस पुन्हा उजवू दे.' खण लहानसाच होता. मी तो धरून उभी राहिले आणि मला तुझं ते वाक्य आठवलं, 'सगळ्या हसतात, मीही हसते.'

मी म्हटलं, 'गंगुबाई, मंदाला काही झालं नव्हतं. दिवस गेलेच नव्हते. मी चुकीचं ताडलं, आणि ते कबूल करायची लाज वाटली म्हणून गेलं असं सांगितलं.'

मग शकू म्हणाली, 'वहिनी, पण तुम्ही तर पोलक्यावरून ओळखलं होतंत.' आणि मला ते सांगावं लागलं. तुला माझे कपडे होत नाहीत, तू उसवून काखेत तुकडे घालतेस, उशीच्या अभ्र्याचे, म्हणून तुझा हात वर जात नाही. सगळं. ते न सांगता त्यांना पटलंच नसतं. माझं खोटं धुवायला मी तुझी काख आळीसमोर उघडी केली. हे तू दुसऱ्या कोणाकडून ऐकण्याआधी मी लिहिते आहे.

सासूबाई सगळ्या गेल्यावर बोलल्या. 'साखरही तूच ठेवायला लावलीस आणि सुतकही तूच आणलंस. आता तुझं कुठलं खरं मानायचं?' त्यानंतर बोलल्या नाहीत. काल समोरच्या सुनेला मळमळत होतं, तर त्यांनी बघायला शकूला पाठवलं.

गंगुबाई बहिणीला कधी सांगतील याचा भरवसा नव्हता, म्हणून सोमवारी मी एकटी डोंबिवलीला आले. तुला कळवलं नाही. शाळेत शिपाई होता, गोपीनाथ नाव सांगितलं त्याने. मुख्याध्यापिकांची खोली दाखवायला तो मला व्हरांड्यातून घेऊन चालला. एका वर्गाच्या खिडकीतून मला माझं जांभळं पोलकं दिसलं. पोलकं मी आधी ओळखलं, तुला नंतर. तू पाठमोरी होतीस. एक उंच बाई पदराखाली खांदे आवळून, गुडघे वाकवून फळ्याच्या तळाशी काहीतरी लिहीत होती. तू हे पत्रात लिहिलं होतंस, पण मी ते पाहिलं नव्हतं. मी इतकी वर्षं सगळ्यांच्या चाली बघते म्हणून मिरवते. मला आत येऊन तुझ्यासमोर उभं राहवेना.

विमलाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. 'म्हणजे झालं काहीच नव्हतं? मग त्या बाईला मी नटू नका म्हटलं ते कशाबद्दल?' मग म्हणाल्या, 'त्या स्वतः नाही का बोलल्या?' मी म्हटलं, 'मी तसं करू नको म्हणून लिहिलं होतं.' त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. उठताना एवढंच म्हणाल्या, 'पाठ दोन तारखेला आहे. त्यांचं नाव मी यादीत पुन्हा घालते.'

तुझ्याकडून उत्तर यावं असं मी म्हणत नाही.

सुमती

*

डोंबिवली,
६ फेब्रुवारी १९५४

ती. सौ. ताईस,
मंदाचा नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी त्या दिवशी जेवले नाही. यांना वाटलं, पाठाची धास्ती. तू जे केलंस ते माझ्यासाठी केलंस हे मला कळत होतं. पण कोपरीतल्या सगळ्या आळीला आता माझ्या काखेतलं ठिगळ माहीत आहे, हे डोक्यातून जाईना. दिवस गेले होते हे खोटं त्यापेक्षा बरं होतं, असंसुद्धा क्षणभर वाटलं. इतकी लाज वाटली. आणि तसं वाटल्याचीही वाटली.

यांना मी सगळी पत्रं वाचायला दिली. वाचून झाल्यावर म्हणाले, 'मी दुकानाच्या पायरीचं म्हटलं होतं ना?' आणि बाहेर जाऊन उभे राहिले. पोलक्याचं कापड त्यांनी अजून आणलेलं नाही, आणि आणू नये. ते मी निवडणार आहे.

पाठाच्या आधीच्या शनिवारी शाळा सुटल्यावर विमलाबाई माझ्या वर्गात आल्या. मुली गेल्या होत्या. त्या पहिल्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, 'उशीचा अभ्रा, खरंच का?' मी पदर बाजूला केला आणि हात वर करून दाखवला. आम्ही दोघी हसलो नाही. त्यांनी तो तुकडा बोटाने चाचपून पाहिला, जसं आई बघेल तसं. 'दुसरं घालून या मंगळवारी,' म्हणाल्या. क्षमा वगैरे काही म्हणाल्या नाहीत. मला तीच पद्धत बरी वाटली.

मंगळवारी ट्रंकेतलं दोन खणांचं पोलकं काढून घातलं. पाठ भूगोलाचा घेतला, ठाणे जिल्हा. नकाशा हातानेच काढायचा होता, आणि तो खाली काढायची सोय नाही. डहाणू वरच्या कडेला आल्याशिवाय ठाण्याला खाली जागा उरत नाही. मी डहाणूपासून सुरुवात केली. पाठीमागे साहेब बसले होते, शाळेच्या मंडळाचे लोक होते, विमलाबाई होत्या. हात वर नेला तेव्हा या सगळ्यांना माझ्या काखेशिवाय काही दिसत नसेल असं वाटत होतं. खडू किनाऱ्यावर एका जागी थरथरला, तिथे खाडी नसताना खाडी झाली. तुळसाने लगेच विचारलं, 'बाई, ती कुठली?' मी पुसली. तरी पोलकं जागचं हललं नाही. वसई, ठाणं, कल्याण करत खाली आले तेव्हा पाठीला घाम आला होता, आणि मी सरळ उभी होते.

साहेबांनी पोलक्याकडे पाहिलं की नाही मला माहीत नाही. शेरा एवढाच लिहिला आहे की, फलकलेखन शेवटच्या बाकापर्यंत वाचता येते. विमलाबाईंनी कायम करण्यासाठी माझं नाव मंडळाकडे पाठवलं आणि काल मंडळाने ते मान्य केलं. जूनपासून.

लाज गेली असं लिहिणार नाही. आजही आरशासमोर पहिल्याने हात पदराकडे जातो. आता तो मला जाताना दिसतो, एवढंच.

बुधवारी रथसप्तमी. गंगुबाईंनी विमलाबाईंच्या हाती मला हळदीकुंकवाचं बोलावणं धाडलं आहे. त्या सगळ्याच तिथे असतील, शकूताई, तुझ्या सासूबाई, ओटी भरताना होत्या त्या. सगळ्यांना माहीत असलेलं माझं सगळं घेऊन मी त्यांच्यात बसणार आहे. पहिल्यांदा वाटलं, डोकं दुखतं म्हणून कळवावं. मग करडं-हिरवं पोलकं धुऊन वाळत घातलं.

शाळा सुटली की निघेन, आणि गंगुबाईंच्या आधी तुझ्याकडे येईन. आपण दोघी मिळून जाऊ. तू एकटीने त्यांच्यात जावंस असं मला वाटत नाही. मी दारात आले की सवयीने तुझे डोळे माझ्यावरून फिरतील. फिरू देत. पण जे वाटेल ते आधी मला विचार, आणि मी नाही म्हटलं तर नाही समज.

तुझी,
मंदा